थेंब घातल्यावर बाकावर इतका वेळ का बसवतात

डोळ्यांच्या दवाखान्याबद्दलच्या तक्रारी कान देऊन ऐकल्या तर त्यात निदानाबद्दल फारसं काही नसतं. दोन तास बसवून ठेवलं. माझ्यामागून आलेल्या बाई आधी आत गेल्या. डोळ्यात औषध घातलं आणि नंतर कोणी विचारायलाही आलं नाही. नव्या चष्म्याने गरगरतं म्हटलं तर ‘होईल सवय’ म्हणाले. यातल्या बऱ्याच गोष्टींना खरंखुरं वैद्यकीय कारण असतं, फक्त ते पेशंटला कोणी सांगितलेलं नसतं. आणि जिथे कारण नसतं, निव्वळ हलगर्जीपणा असतो, तिथे तो ओळखता यावा म्हणूनही आत काय चालतं हे माहीत असलेलं बरं.

तपासणीचा क्रम ठरलेला असतो. आधी नजर: ६ मीटरवरचा तक्ता, एकेक डोळा झाकून. मग चष्म्याचा नंबर, दूरचा आणि जवळचा. मग बाहुलीवर उजेड टाकून ती नीट आकसते का हे बघणं, डोळ्याचं प्रेशर मोजणं आणि डोळ्यातला पुढचा कोन, म्हणजे आतलं पाणी निचरतं ती जागा, अरुंद नाही ना याची खात्री करणं. एवढं झाल्यावरच बाहुली मोठी करणारे थेंब. थेंब आधी पडले तर बाहुलीची हालचाल तपासता येत नाही, जवळचा नंबर काढता येत नाही, आणि कोन अरुंद असेल तर प्रेशर एकदम चढण्याचा धोका असतो. म्हणून ‘आलोच आहे तर चष्म्याचंही बघा’ हे थेंबांनंतर सांगितलं की पुन्हा खेप पडते. ही खेप वाचवणं रिसेप्शनच्या हातात आहे. नाव लिहून घेतानाच विचारायचं: आज नंबरही काढायचा आहे का?

लहान मुलांचं मात्र उलट असतं. त्यांच्या डोळ्यांची फोकस ओढून घेण्याची ताकद इतकी असते की प्लस नंबर सहज लपून जातो, त्यामुळे खरा नंबर थेंब घालूनच कळतो. यासाठीच्या थेंबांपैकी सायक्लोपेंटोलेटचा परिणाम २४ तासांपर्यंत राहतो, अ‍ॅट्रोपिनचा एक ते दोन आठवडे. तेवढे दिवस मुलाला जवळचं धूसर दिसणार, उजेड खुपणार. परीक्षा तोंडावर असेल तर हे अपॉइंटमेंट घेतानाच ठरवायला हवं. थेंब पडून गेल्यावर आई-वडिलांना सांगून काही उपयोग नाही.

आता ‘मागून आलेले आधी आत गेले’ याबद्दल. ओपीडीत रांग एक दिसते, पण असतात तीन: तपासणीची, थेंबांची आणि डॉक्टरांची. मागून आलेल्या माणसाला थेंब लागत नसतील, नुसतं ऑपरेशननंतरचं बघायचं असेल, तर तो १० मिनिटांत मोकळा होतो. ज्याची बाहुली अजून पुरती उघडलेली नाही त्याला आत नेऊन उपयोग नसतो, कारण डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) कडा दिसतच नाहीत. बाकावर बसलेल्याला हे कसं कळणार? त्याला वशिलेबाजीच दिसणार, आणि त्याच्या जागी कोणालाही तेच वाटेल.

थेंबांचं थोडं खोलात सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त चिडचिड इथेच होते. ट्रॉपिकामाइड, बऱ्याचदा फेनिलेफ्रिनबरोबर, हे नेहमीचं औषध. घातल्यावर १०-१५ सेकंद चुरचुरतं. बाहुली नीट उघडायला २० ते ३० मिनिटं लागतात. बुबुळाचा रंग गडद असेल तर अजून वेळ लागतो, कारण तो रंग औषध धरून ठेवतो. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांची बाहुलीही हट्टी असते. तिसऱ्यांदा थेंब घालायला आलेली नर्स पाहून ‘आधीचं विसरल्या वाटतं’ असं वाटतं, पण डोस वाढवतच न्यावा लागतो. परिणाम ४ ते ६ तास टिकतो. तोपर्यंत ऊन सहन होत नाही, फोनवरचं वाचता येत नाही, गाडी चालवू नये. हे दवाखान्यात आल्यावर कळलं तर माणूस अडकतो. सोबत कोणाला तरी आणा, काळा चष्मा आणा, त्या दिवशी वाचायचं-लिहायचं काम ठेवू नका, ही तीन वाक्यं आदल्या दिवशीच्या फोनवर सांगायची असतात.

जिथे हे काम नीट होतं तिथे एक साधी चिठ्ठी वापरतात. पेशंटच्या फाइलला टाचलेली, हातभर अंतरावरूनही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात: ‘उजवा-डावा, पहिला थेंब १०:२०, दुसरा १०:३०, बाहुली बघणे १०:५०’. पुढे थेंब घालणाऱ्याची सही. १०:५० ला कोणी आलं नाही तर पेशंट स्वतः उठून ती चिठ्ठी दाखवू शकतो, आणि काउंटरवरच्या माणसाला ‘बसा, बोलावतो’ म्हणून वेळ मारून नेता येत नाही. एकाच डोळ्याची तपासणी असताना दोन्ही डोळ्यांत थेंब पडण्याची चूकही या चिठ्ठीने टळते. तुमच्या दवाखान्यात अशी चिठ्ठी नसेल तर थेंब घालताना वेळ विचारून घ्या आणि पुन्हा कधी बघणार तेही विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

नंबर काढताना ‘हे बरं की ते बरं?’ या प्रश्नावर अनेक जण घाबरतात, चुकीचं उत्तर दिलं तर चष्माच चुकेल म्हणून. ‘दोन्ही सारखंच’ हेही पूर्ण उत्तर आहे, उलट तपासणाऱ्याला तेच ऐकायचं असतं, कारण तिथे नंबर जुळलेला असतो. डोळे बारीक करून वाचू नका, त्याने खोटी सुधारणा दिसते. हवेचा फुसकारा मारून प्रेशर मोजतात तेव्हा दचकायला होतं. आधी एकदा हातावर मारून दाखवला तर बहुतेकांची भीती जाते. काचबिंदूसाठीच्या फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीत, तर न सांगितल्यामुळे रिपोर्टच वाया जातो. त्या मशीनमध्ये बरेचसे ठिपके दिसू नयेत इतके मंद मुद्दाम ठेवलेले असतात. हे माहीत नसलेला माणूस ‘मला दिसतच नाही’ म्हणून हादरतो, नजर इकडेतिकडे फिरवतो, अंदाजाने बटण दाबत सुटतो. पहिली टेस्ट सवय नसल्यामुळेही खराब येते, म्हणून ती पुन्हा करायला सांगतात.

नव्या चष्म्याची तक्रार घेऊन आलेल्याला ‘आठवडाभर घालून बघा’ म्हणणं कधी बरोबर असतं, कधी टाळाटाळ असते. सिलिंडर (बुबुळाच्या असमान गोलाईसाठीचा नंबर) बदलला असेल किंवा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचा-जवळचा नंबर असलेला चष्मा) पहिल्यांदाच घेतला असेल तर एक-दोन आठवडे जातात, हे खरं. पण तसं सांगण्याआधी पाच मिनिटांचं काम करायला हवं. चष्मा लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवून कागदावरच्या नंबरशी ताडून बघायचा. प्लसच्या जागी मायनस, अ‍ॅक्सिस (सिलिंडरचा कोन) १० च्या जागी १००, उजवी-डावी काच अदलाबदल, या लिहिण्यातल्या चुका इथेच सापडतात. नंतर काचेचा मध्य बाहुलीसमोर येतो का, म्हणजे पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) बरोबर आहे का हे बघायचं. प्रोग्रेसिव्हमध्ये फिटिंगची उंची दोन-तीन मिलिमीटर चुकली तरी वाचायला मान वर करावी लागते. फ्रेम नाकावरून घसरत असेल तर नुसती ती घट्ट करूनही काम भागतं. हे सगळं ठीक निघालं तरच पुन्हा नंबर तपासायचा. तेव्हा मधुमेह्यांना साखरेबद्दल विचारलंच पाहिजे. साखर वरखाली होत असताना डोळ्यातल्या भिंगात पाणी कमी-जास्त होतं आणि नंबर सरकतो. साखर काही आठवडे स्थिर राहिल्याशिवाय काढलेला नंबर टिकत नाही. पेशंटने तक्रारीला जाताना नवा चष्मा, जुना चष्मा आणि नंबरचा कागद, तिन्ही घेऊन जावं. जुना चष्मा नसेल तर तुलनेला काही उरत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीला किती आधी काढायच्या हेही विचारून घ्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं मोजमाप असेल तर कडक लेन्स काही आठवडे आधीपासून बंद ठेवायला लावतात, नाहीतर बुबुळावरच्या पारदर्शक भागाचा (कॉर्नियाचा) आकार बदललेला असतो आणि आत बसवायच्या लेन्सची पॉवर चुकते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी घेतलं असेल तर तेही याच वेळी सांगायचं. या औषधामुळे ऑपरेशनमध्ये बाहुली ढिली पडून आकसते, आणि सर्जनला तयारीत राहावं लागतं.

शेवटी फोन. रिसेप्शनवरच्या माणसाचं काम इथे सगळ्यात जोखमीचं असतं, आणि शिकवण इथेच कमी पडते. अचानक काळे ठिपके वाढले, कडेला विजा चमकल्या, पडदा ओढल्यासारखं दिसतंय असं कोणी सांगितलं तर ‘पुढच्या मंगळवारी जागा आहे’ हे उत्तर चालत नाही. डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटत असू शकतो, त्याच दिवशी बोलवायचं. एका डोळ्याची नजर एकाएकी गेली, दुखत नसलं तरीही, तेच. लाल डोळा, असह्य दुखणं, दिव्याभोवती वलयं, उलट्या हे एकत्र असेल तर प्रेशर चढलेलं असू शकतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुखणं वाढतंय आणि नजर कमी होतेय हे ऐकल्यावर तर डॉक्टरांना तिथल्या तिथे फोन जोडायचा. डोळ्यात ॲसिड, चुना किंवा सफाईचं रसायन उडालं असेल तर ‘लगेच या’ म्हणण्याआधी ‘आधी धुवा’ म्हणायचं. नळाच्या साध्या पाण्याने, पापण्या बोटांनी उघड्या धरून, किमान १५-२० मिनिटं सलग, आणि मग निघायचं. अपॉइंटमेंटची वही उघडण्याआधी हे सांगायचं असतं.

कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखत असेल तर लेन्स काढायला सांगायचं, पुन्हा घालू द्यायची नाही, आणि त्याच दिवशी बोलवायचं. काढलेली लेन्स, तिची डबी आणि सोल्यूशनची बाटली फेकू नका, जशी आहे तशी सोबत आणा, हेही फोनवरच सांगायचं. कॉर्नियाला जंतुसंसर्ग झाला असेल तर तपासायला बऱ्याचदा त्या डबीतलं पाणीच उपयोगी पडतं.