रिजवे, तिसरा प्रयत्न : गळती फ्लिंटची नव्हतीच

सापडली! सायकलच्या मागच्या चाकाची गळती सापडली, आणि ती टायरमध्ये नव्हतीच. सहा आठवडे मी चुकीच्या जागी शोधत होतो.

बेत तुम्हाला माहीत आहेच : रिजवे, दक्षिण इंग्लंडमधली खडूच्या टेकड्यांवरची जुनी वाट, सायकलने करायची. स्विंडनला आगगाडीतून उतरायचं, आडवाटांनी एव्हबरी गाठायचं, ओव्हरटन हिलवरून रिजवे धरायचा आणि स्ट्रीटलीला थेम्सपाशी उतरायचं. रिजवेवरचे सुमारे 69 किमी, एका दिवसात, सायकल कुठेही न ढकलता. पश्चिमेकडचा हा भाग सगळाच आपल्याला, सायकलवाल्यांना, खुला आहे. थेम्सच्या पलीकडे काही ठिकाणी फुटपाथ, म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट, लागतो आणि तिथे सायकलला हक्क नाही, म्हणून सध्या नदीपर्यंतच.

एप्रिलच्या शेवटी पहिला प्रयत्न फसला त्याचं कारण उघड होतं. स्कचॅमर नॉबच्या पुढे फ्लिंटच्या, म्हणजे गारगोटीच्या, तुकड्याने मागचा टायर कडेच्या वळणावर 6 मिमी चिरला. खडूच्या पांढऱ्या वाटेत हे तुकडे असे पेरलेले असतात की ऊन असलं तर चमकतात आणि ढग आले की दिसेनासे होतात. फुटलेल्या फ्लिंटची कड काचेसारखी असते. अश्मयुगात माणसं त्याच्या सुऱ्या करत ते उगाच नाही. चिरेत रबरी प्लग घातला, दोन मिनिटांत सीलंटच्या (टायरमधल्या, भोकं बुजवणाऱ्या द्रवाच्या) फेसासकट बाहेर आला. दुसरा घातला, तोही तसाच. शेवटी ट्यूब घालून कसाबसा स्ट्रीटलीला पोचलो.

इथपर्यंत ठीक आहे, असं होतं. खरा मनस्ताप पुढे आहे.

घरी येऊन टायरला आतून ठिगळ लावलं, ताजं सीलंट घातलं, ट्यूब काढून पुन्हा ट्यूबलेस केलं. मे महिन्यात दुसऱ्यांदा निघालो. हॅकपेन हिल, बार्बरी कॅसल, सगळं झकास. बार्बरीच्या तटबंदीवर मेंढ्या चरत होत्या आणि डोक्यावर चंडोल. ऑगबोर्नचा उतार संपला तेव्हा मागचं चाक मऊ लागलं. हवा भरली. लिडिंग्टनच्या चढावर परत मऊ. फॉक्सहिलला तिसऱ्यांदा पंप काढला आणि तिथूनच स्विंडनला परतलो. ठिगळ सुटलं असणार, असं धरून चाललो.

म्हणून नवा टायर आणला. तोच 29×2.35, पण जाड केसिंगचा (जाड अंगाचा). वजन जास्त, पण फ्लिंटच्या मुलखात हलका टायर वापरू नये हे माझं मत आता पक्कं झालं आहे. साउथ डाउन्सवर जाणाऱ्यांनीही ऐका, तिथेही हाच खडू आणि हाच फ्लिंट आहे. हवेचा दाब मागे 24 पीएसआय, पुढे 21. रात्री 24 भरून ठेवलं, सकाळी गेज 15 दाखवत होता. नवा कोरा टायर, आणि 15!

साबणाच्या पाण्याचा स्पंज फिरवला. टायरवर, कडेला, व्हॉल्व्हच्या बुडाशी. एक बुडबुडा नाही. सीलंट वाढवलं, 120 मिली. चाक दोन्ही कुशींवर तासतासभर झोपवून ठेवलं. व्हॉल्व्हचा कोअर (आतली झडप) बदलला, मग अख्खा व्हॉल्व्हच बदलला. जिथून टायर घेतला त्या दुकानातला माणूस म्हणाला, सीलंट अजून मुरलं नाही, दोन फेऱ्या मारा. त्याच भरवशावर गेल्या रविवारी तिसऱ्यांदा निघालो.

वेलँड्स स्मिदीपर्यंत दोनदा हवा भरली. तिथे बीचच्या झाडांखाली, पाच हजार वर्षांहून जुन्या त्या थडग्याच्या शिळांपाशी डबा खाल्ला, आणि ती दहा मिनिटं चाकाचा विचार केला नाही. व्हाइट हॉर्स हिलवर 261 मीटर. तुम्हा-आम्हाला, ज्यांनी 1300 मीटरवरचा सिंहगड लहानपणी तंगडतोड करत चढलाय, हा आकडा किरकोळ वाटेल, पण उत्तरेकडे व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स हे सगळं खोरं पायाशी पसरलेलं दिसतं. स्पारशोल्ट फर्सपर्यंत पाचव्यांदा पंप मारून झाला आणि दंडाने नकार दिला. हिल बार्नच्या नळावर पाणी भरून घेतलं, डांबरी रस्त्याने वाँटेजवरून डिडकॉट गाठलं आणि गाडीत बसलो. जेवढ्यांदा थांबलो तेवढ्यांदा तो तळहाताएवढा पंप मारला. असला पंप घेऊ नका. जरा लांब, नळी असलेला घ्या.

आता उलगडा. आई सध्या साताऱ्याहून आली आहे. सोमवारी संध्याकाळी मी स्पंज घेऊन पुन्हा चाकापाशी बसलो होतो. ती बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "अरे, आपला पोवई नाक्यावरचा पंक्चरवाला घमेल्यात बुडवून बघायचा. तू पुसत काय बसलायस?"

मी म्हटलं, "आई, यात ट्यूब नाही."

"हवा तर आहे ना? मग बुडव."

29 इंची चाक मावेल असं घमेलं आमच्याकडे नाही, पण न्हाणीघरात टब आहे. कॅसेट (मागची गिअरची चक्रं) काढली, टब भरला, चाक उभं धरून पाण्यात घातलं आणि हळूहळू फिरवलं. आई काठावर वाकून बघत होती. टायरकडून काहीच नाही. आणि मग व्हॉल्व्हपासून चौथ्या स्पोकच्या निपलमधून (स्पोक रिमला धरणाऱ्या नटातून) एक बारीक बुडबुडा सुटला. त्याच्या मागे दुसरा. मग माळच, मोहरीएवढ्या बुडबुड्यांची, थेट रिमच्या भोकातून. "हे बघ!" म्हणून आईने बोट लावलं.

निपलमधून हवा म्हणजे रिम टेप, स्पोकची भोकं आतून झाकणारी पट्टी, गेली. टायर उतरवला, सीलंट पुसलं, दिवा जवळ धरला. त्या स्पोकच्या भोकावर टेपला तिरपी चीर होती, नखाएवढी, कडा सरळ. फ्लिंट तिथे पोचूच शकत नाही. ती टायर लिव्हरची, टायर उचकटायच्या पट्टीची, होती. एप्रिलमध्ये वाऱ्यात, थंडीने आखडलेल्या हातांनी ट्यूब घालताना लिव्हर फार खोल गेली आणि टेप कापली. ट्यूब होती तोवर कळलं नाही. ट्यूबलेस केल्याबरोबर हवा चिरेतून रिमच्या पोकळीत आणि तिथून निपलमधून बाहेर. सीलंट का बुजवत नव्हतं तेही कळलं. चाक फिरताना सगळं सीलंट बाहेरच्या बाजूला, ट्रेडकडे (जमिनीला टेकणाऱ्या भागाकडे) फेकलं जातं. रिमच्या तळाशी ते पोचतच नाही. मी 120 काय, लिटरभर ओतलं असतं तरी उपयोग नव्हता.

जुनी टेप सोलून काढली, रिम स्पिरिटने पुसली, पूर्ण सुकू दिली. आतली रुंदी 30 मिमी, म्हणून टेप 34 मिमीची, दोन वेढे, प्रत्येक हातभर ताणून आणि अंगठ्याने दाबून. रिम अरुंद असेल तर टेसा 4289 उत्तम, पिवळी दिसते पण ओली होऊन सरकत नाही आणि स्वस्त पडते. व्हॉल्व्हचं भोक सुरीने पाडू नका. सुईचं टोक तापवून पाडा, म्हणजे कडा वितळून बसते आणि पुढे फाटत नाही. आणि टायर बसवताना लिव्हर नको. बीड, म्हणजे टायरची कड, रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत या, शेवटचा तुकडा अंगठ्यांनी जातो.

36 तासांनी 24 चे साडेतेवीस. मी गेज तीनदा लावून बघितला.

काल संध्याकाळी स्ट्रीटलीहून बरी डाउनपर्यंत जाऊन आलो, येऊन-जाऊन 25 किमी. वॉरेन फार्मच्या पुढचा चढ पहिल्यांदाच पाय न टेकता चढलो. पाऊस नसल्यामुळे वाट कोरडी ठणठणीत होती. हाच खडू ओला झाला की साबण होतो आणि टायर व फ्रेमच्या मध्ये पिठल्यासारखा थापला जातो, हे फेब्रुवारीत लिहिलंच होतं. परत आल्यावर हवा 24.

आता चौथा प्रयत्न. खरं तर पुढच्या रविवारचं ठरवत होतो, पण काल उतरताना साडेनऊनंतर चंद्र उजळला आणि ती खडूची वाट दिव्याशिवाय दिसायला लागली. दोन्ही कडांना गवत काळं आणि मध्ये पांढरी रेघ, अगदी फळ्यावर ओढल्यासारखी. मग वाटलं, दिवसा कशाला? ज्येष्ठातल्या पौर्णिमेला रात्र जेमतेम सात-साडेसात तासांची असते. संध्याकाळी स्विंडनला उतरायचं, सूर्यास्ताला ओव्हरटन हिल सोडायचं, मध्यरात्रीच्या सुमारास वेलँड्स स्मिदी, आणि पहाटे स्ट्रीटली. वाट चढउताराची, पण चुकायला जागा कमी. उन्हाळ्यातला पूर्ण चंद्र इथे आकाशात खालून जातो, त्यामुळे झाडीत अंधार राहील, म्हणजे हँडलबारवर दिवा हवाच. फ्लिंट मात्र चांदण्यात दिसेल की नाही, हा प्रश्न आहे. काल हळू चालवत होतो म्हणून दिसला, वेगात दिसेलच असं नाही. म्हणून प्लग दोन जाडीचे, एक ट्यूब, आणि टेपचा हातभर तुकडा बरोबर.

ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे, एक्सप्लोरर 157 आणि 170, माझ्याकडे आहेत. लॅम्बोर्नच्या बाजूचा 158 बरोबर येणाऱ्यांपैकी कुणाकडे असेल तर आणा. पौर्णिमेच्या आधी चार दिवस पाऊस पडला तर बेत रद्द, त्या चिखलात रात्री जाणार नाही. आईने मसाला दुधाचा थर्मास द्यायचं कबूल केलं आहे. चौघांना पुरेल, पाचवा आला तर कप आणावा लागेल.