नवख्यांचे मैदान

डिस्क गोल्फमधले मुरलेले खेळाडू नवख्यांसाठी आखलेल्या मैदानाकडे थोड्या दयेनेच पाहतात, आणि ते मला मुळीच पटत नाही. अमेरिकेत आम्ही राहतो त्या गावातल्या कॉलेजच्या आवारात असे 9 टोपल्यांचे छोटेसे मैदान आहे. वसतिगृहांमागच्या उतारावरून निघून, ग्रंथालयाला वळसा घालून ते वाहनतळाशी संपते. तिथे तिकीट नाही, कुंपण नाही, आधी वेळ ठरवण्याची भानगड नाही. खेळ गोल्फच्याच धर्तीचा. फक्त चेंडू-काठीऐवजी प्लास्टिकची डिस्क आणि जमिनीतल्या खळग्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली. डिस्क पडेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठायची, एवढे कळले की माणूस खेळायला मोकळा.

या टोपलीच्या वर साखळ्यांचा घेर लोंबत असतो. डिस्क त्यांवर आदळली की तिचा जोर मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. त्या वेळी होणारा खळखळाट जुन्या वाड्यातल्या कड्यांच्या झोपाळ्यावर कुणी धपकन बसावे तसा असतो. एड हेड्रिक यांनी 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिले कायमस्वरूपी मैदान आखले, तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. मग डिस्क खांबाला लागली की नाही यावर हुज्जत आलीच. साखळ्यांच्या टोपलीने ती मिटवली. 2002 मध्ये हेड्रिक वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवण्यात आल्या. हाडाचा खेळाडू म्हणतात तो असा!

नवख्यांच्या मैदानाचे खरे औदार्य अंतरात आहे. आमच्याकडची बहुतेक अंतरे 60-70 मीटरची, वाटेत झाडेही मोजकीच. त्यामुळे पहिल्याच दिवशी, चार-पाच फेकींत का होईना, तो खळखळाट प्रत्येकाच्या वाट्याला येतो. लांबलचक, झाडीने गच्च भरलेल्या मैदानावर नवख्याचा निम्मा वेळ झुडपांत डिस्क शोधण्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याला घरची कामे आठवू लागतात.

शिवाय थोडक्या अंतरात डिस्कचा स्वभाव नीट पाहता येतो. बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेगाचा, तरंगण्याचा, सुरुवातीच्या वळणाचा आणि शेवटच्या कलण्याचा. उजव्या हाताने, शरीरासमोरून हात ओढत फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग उतरू लागला की डावीकडे कलते. ती टोपलीत जावी असे वाटत असेल, तर नेम टोपलीच्या उजवीकडे धरावा लागतो. दुकानात मोठ्या वेगाच्या आकड्याची डिस्क फार मोहात पाडते. पण तेवढा वेग हाताने दिला नाही, तर ती तरंगण्याआधीच डावीकडे कोसळते. नवख्याने कमी आकड्याची डिस्कच घ्यावी, आणि खरे तर एकच घ्यावी. ‘‘आई, जोर लावू नकोस, डिस्कची पुढची कड वर उचलली जाऊ देऊ नकोस,’’ हे आमच्या लेकीचे पालुपद आहे. ते बरोबर आहे, कारण पुढची कड वर झाली की डिस्क हवेत चढते, थबकते आणि जवळच उतरते.

कॉलेजचे आवार असल्याने येथे रस्ता अडवणारेही भरपूर. कानात गाणी घालून चालणारी मुले, कुत्र्याला फिरवणारे प्राध्यापक, गवतावर पुस्तक उघडून झोपी गेलेले कुणी. त्यांना उठवायचे नाही, थांबायचे. घाई असलेल्या मागच्या गटाला पुढे जाऊ द्यायचे. हा शिष्टाचार कुठल्या फलकावर लिहिलेला नाही, तरी विद्यार्थी तो सहज पाळतात.

साउथ कॅरोलिनातल्या रॉक हिल गावात विन्थ्रॉप विद्यापीठाचेही आवार आहे, आणि तिथे 1999 पासून अमेरिकेची मानाची डिस्क गोल्फ स्पर्धा भरते. दोऱ्या आखून हद्द ठरवलेली असते आणि हद्दीबाहेर पडलेल्या डिस्कचा दंड मोजावा लागतो. ते खेळाडू पाहायला मला आवडेल. पण कुणी खेळायलाच बोलावले, तर मी आधी अंतरे विचारीन.