काकू, तुमच्या मुलाचं मन तपासतात का हो?

अहमदाबादेला १२ जून २०२५ ला विमान पडलं, तेव्हापासून बडोद्यात सुरसागर तलावावर फिरायला गेले की कोणी ना कोणी हे विचारतंच. दांडिया बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे, माझा मुलगा पायलट आहे. "पायलट मुद्दाम पाडतात म्हणे विमान?"

अहमदाबादबद्दल मी बोलत नाही. प्राथमिक अहवालाने कोणालाच दोषी ठरवलेलं नाही, आणि त्या दोघा वैमानिकांच्याही घरी माणसं आहेत.

जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या अपघाताचं मात्र सिद्ध झालंय. २४ मार्च २०१५. बार्सिलोनाहून निघालेल्या विमानाचा कॅप्टन लघवीला म्हणून उठला. सहवैमानिकाने आतून दार लावलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं. दीडशे माणसं गेली. २००१ च्या हल्ल्यांनंतर अतिरेक्यांना अडवायला मजबूत केलेलं ते दार. कॅप्टन बाहेरून आपटत राहिला. दोनच आठवड्यांपूर्वी एका डॉक्टरने त्या मुलाला मनोरुग्णालयात उपचार घ्यायला सांगितलं होतं. कंपनीला पत्ताच नाही. उडणं आणि पगार दोन्ही जाईल, या भीतीने तो गप्प राहिला असावा, असं फ्रेंच तपासात निघालं.

"मग तपासण्या कडक करा ना!" पुढचं वाक्य हेच येतं. अहो, दरवर्षी मेडिकल होतंच. पण ईसीजी खोटं बोलत नाही. माणूस बोलू शकतो.

हे गेले तेव्हा मी मुलाकडे मुंबईला होते. रात्री तीनला स्वयंपाकघरात दिवा दिसायचा. साधी सर्दीची गोळी विचारून घेणारा मुलगा! मी म्हटलं, मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ या. म्हणाला, "आई, ते फॉर्मवर लिहावं लागतं." अमेरिकेत २०१० पासून काही ठरावीक गोळ्या घेऊन, देखरेखीखाली, उडता येतं. इथेही २०२३ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, विमान कंपन्यांना सांगितलं, पायलटला पायलटशीच मन मोकळं करता येईल अशी सोय करा. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा घराचा हप्ता आठवला आणि मीही गप्प बसले. म्हणून त्या जर्मन मुलाच्या आईवडिलांना नावं ठेवताना माझी जीभ अडखळते.

शेवटी एका वयस्कर कॅप्टनने त्याला ओळखलं. चहाला नेलं, तासभर ऐकून घेतलं, आणि तीन आठवडे रजा टाकायला लावली.

अर्जावर कारण लिहिलं होतं, पाठदुखी.