बीएस्सीची मुलं, सोलर पॅनल आणि महाविद्यालय विकास समिती

धुळे जिल्ह्यात भौतिकशास्त्र शिकवत आयुष्य गेलं. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, 2013 मध्ये शिवाजीनगरचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला, आणि त्याच पट्ट्यातली आमची मुलं बीएस्सी झाल्यावर एमपीएससीचा अभ्यास करत बसायची किंवा सुरतेची गाडी पकडायची. प्रकल्पांना लागायचे आयटीआय झालेले तंत्रज्ञ नाहीतर इंजिनिअर. मधल्या बीएस्सीवाल्याला नेमकं काय येतं, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. खरं तर आमच्या अभ्यासक्रमालाही ते सांगता येत नव्हतं.

पर्यावरण हा विषय आमच्याकडे नव्हता असं मुळीच नाही. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिकवण्याचा आदेश दिला आणि पुढे हा विषय सगळ्या पदवी अभ्यासक्रमांना सक्तीचा झाला. पण सक्तीच्या विषयाचं जे होतं तेच झालं. ओझोनचा थर, चिपको आंदोलन, आम्लवर्षा. प्रकल्पवह्या एकमेकांच्या उतरवलेल्या, मुखपृष्ठावर हिरव्या स्केचपेनने काढलेलं झाड. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की तिच्या सातव्या निकषासाठी ग्रीन ऑडिट, एनर्जी ऑडिट (पर्यावरणाची आणि वीजवापराची तपासणी) यांची प्रमाणपत्रं गोळा व्हायची. रोपं दरवर्षी त्याच खड्ड्यांत लागायची. फोटो मात्र नवे.

मी सुरुवात केली ती कॉलेजच्या वीजबिलापासून. कार्यालयातून वर्षभराची बिलं मागून घेतली आणि तृतीय वर्षाच्या मुलांना सांगितलं, इमारत फिरून यायची, प्रत्येक खोलीतला प्रत्येक पंखा आणि दिवा मोजायचा, किती तास चालतो ते शिपाईमामांना विचारायचं. जुन्या चाळीस वॅटच्या ट्यूब चोकसकट पन्नासच्या वर खात होत्या. जुना पंखा 75 वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा नवा बीएलडीसी पंखा 28 ते 30 चा. मुलांनी तक्ता केला, बेरीज केली, आणि ती बिलाच्या आकड्याशी जुळेना. पोरं हिरमुसली. पण खरा अभ्यास तिथेच सुरू झाला. शोधता शोधता टाकीवरच्या पाण्याच्या मोटरीपर्यंत पोहोचले. ती रात्री कोणी बंदच करत नव्हतं. एनर्जी ऑडिटरच्या सहायकाचं निम्मं काम हेच असतं, हे त्यांना मी नंतर सांगितलं.

मग सोलर पॅनलच्या जोडकामाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा प्रस्ताव लिहिला. आमच्या कॉलेजात अशा प्रस्तावाचा रस्ता ठरलेला आहे: विभागाची बैठक, आयक्यूएसी (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष), शेवटी महाविद्यालय विकास समिती. पहिले दोन टप्पे फारसे न अडता पार पडले. समितीत एका सदस्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, छतावरून पोरगं पडलं तर?" प्रश्न रास्त होता. हरित रोजगारावर, म्हणजे पर्यावरणाला हातभार लावणाऱ्या नोकऱ्यांवर, भाषणं देणाऱ्यांना तो सुचत नाही, हिशेब पाहणाऱ्याला सुचतो. मी प्रस्ताव परत घेतला आणि बदलला. प्रयोगशाळेमागच्या मोकळ्या जागेत कमरेएवढ्या उंचीची लोखंडी चौकट उभी करायची, सगळं जोडकाम जमिनीवर शिकवायचं, छतावर फक्त हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षापट्टा) लावून आणि विमा काढूनच जायचं. खर्च वाढला, पण मंजुरी मिळाली.

आता शिकवणार कोण? सोलर सेल ज्यावर चालतो तो सेमिकंडक्टरचा पी-एन जंक्शन मी फळ्यावर डोळे मिटून काढते, पण एमसी-फोर कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडायचा प्लग) क्रिम्प करायला, म्हणजे वायरीवर दाबून बसवायला, मला एका तरुण वायरमनने शिकवलं. तो बारावी नापास. मी त्याला वर्गात बोलावलं, मानधन दिलं आणि मुलांबरोबर बाकावर बसले. काही सहकाऱ्यांना ते रुचलं नाही. असो.

त्याच्या तासाला एकदा त्याने मुलांना बजावलं की चालू सिस्टिमचं कनेक्टर कधी ओढून काढायचं नाही. एकाने विचारलं, घरातला प्लग तर आपण रोज काढतो. वायरमन म्हणाला, "हा डीसी आहे, चिकटतो." एवढ्यावर तो थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. पुढचं मी सांगितलं: घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. पॅनलचा डीसी प्रवाह एकाच दिशेने वाहत राहतो, त्याला शून्य नाही. 540 वॅटच्या पॅनलचा ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही जोडलेलं नसतानाचा) साधारण 49; असे दहा एका रांगेत जोडले की पाचशेच्या घरात. तिथे ठिणगी एकदा पेटली की जळतच राहते, प्लास्टिक वितळवते, हात भाजते. आधी डीसी आयसोलेटर (प्रवाह तोडणारा स्विच) बंद, मग मीटरने तपासणी, मगच कनेक्टरला हात. आम्हा दोघांचं ज्ञान त्या अर्ध्या तासात जेवढं कामी आलं, तेवढं एरवी क्वचितच येतं.

दुसरा प्रश्न मेमध्ये आला. मुलं इन्व्हर्टरच्या (पॅनलच्या डीसीचा एसी करणाऱ्या यंत्राच्या) नोंदी घेत होती. "मॅडम, ऊन एवढं तापलंय, मग भर दुपारी वीज कमी का?" धुळ्यात पारा 43 च्या पुढे होता. पॅनलच्या पाठीला थर्मामीटर लावला तर 65 अंश. पॅनलवर लिहिलेली क्षमता 25 अंशांना मोजलेली असते आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला ती सुमारे 0.35 टक्के घटते. म्हणजे चौदा टक्के तिथेच गेले. वर धूळ. पुसायला पाणी लागणार, आणि पाण्याची आमच्याकडे काय अवस्था असते ते खानदेशी वाचकाला सांगायला नको. पाणी न वापरता पॅनल पुसायचे कसे, यावर त्या गटाने जो प्रकल्प केला तो कोणाचा उतरवलेला नव्हता.

मुलींची नावं पहिल्या वेळी फार कमी आली. एकीचे वडील भेटायला आले, बराच वेळ कांद्याच्या भावावर बोलले, मग म्हणाले, "पोरीनं वायरमनचं काम करावं का?" मी त्यांना डिझाइनचं, मीटर तपासणीचं, अर्ज ऑनलाइन भरण्याचं काम दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बघू" म्हणाले आणि गेले. मुलगी आली. पुढे चौकटीवर नट सगळ्यांत घट्ट तीच आवळायची.

2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत आलं आणि आमचं काम सोपं झालं. व्यवसाय कौशल्याचे दोन श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे प्रात्यक्षिकाचे साठ तास, आणि वर प्रत्यक्ष कामाच्या जागी कार्यप्रशिक्षण. आधी जे सुट्टीत, संध्याकाळी, मुलांच्या हौसेवर चालायचं त्याला गुण मिळू लागले. त्याच सुमारास, फेब्रुवारी 2024 मध्ये, घरांच्या छतावर सोलर बसवण्याची पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान म्हटल्यावर तालुक्याच्या गावांतही विचारणा सुरू झाली. गावोगावचे ठेकेदार माणसं शोधू लागले. शेतीपंपांना सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेसाठी हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाड्याने जमिनी जाऊ लागल्या. एका विद्यार्थ्याच्या काकांनी जमीन दिली आणि पुतण्या तिथेच देखभालीला लागला.

पगाराबद्दल स्पष्ट लिहिते, कारण कार्यशाळांमधून कोणी लिहीत नाही. सुरुवातीला तो बेताचाच असतो, काही ठिकाणी पीएफ नसतो, पावसाळ्यात काम मंदावतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना हरित रोजगाराच्या व्याख्येत पर्यावरणाइतकाच सन्मान्य कामाचा आग्रह धरते. तो अर्धा भाग आपल्याकडची माहितीपत्रकं गाळतात. म्हणून कार्यप्रशिक्षणाला मुलं पाठवताना मी ठेकेदाराला तीन गोष्टी विचारते: हार्नेस कोणाचा, विमा कोणाचा, आणि पैसे महिन्याच्या कितव्या तारखेला. उत्तर गुळमुळीत आलं तर मुलं पाठवत नाही. त्यामुळे दोन ओळखीचे ठेकेदार दुरावले.

सगळी मुलं सोलरमध्येच गेली असंही नाही. एक जण सांडपाणी प्रक्रिया केंद्रात लागला, एक मुलगी ऊर्जा व्यवस्थापनात एमएस्सी करतेय आणि पुढे बीईईची (केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेची) एनर्जी ऑडिटरची परीक्षा द्यायची म्हणते. दोघं अजून एमपीएससी देताहेत, त्यांनाही मी काही म्हणत नाही. यंदा बॅटरीचा भाग अभ्यासक्रमात घालायचा आहे. लिथियम बॅटरी प्रयोगशाळेत ठेवायची तर आगीचा प्रश्न येणार, म्हणजे विकास समितीच्या पुढच्या बैठकीत तेच सदस्य तोच प्रश्न नव्याने विचारणार. वाळूच्या बादल्या, वेगळी खोली आणि त्यांचा खर्च, एवढं यावेळी मी आधीच प्रस्तावात लिहून ठेवलंय.