पाद्रीबाबांचा नाद का, तुम्ही विचारलंत म्हणून

"रॉलिन्सन आपल्या मुंबईत राहून गेलेला. त्याला सोडून त्या आयरिश पाद्र्याच्या मागे का लागलात?" प्रत्येक व्याख्यानानंतर हे विचारतात. आजवर वेळ मारून नेली, आता सांगूनच टाकतो. हे दोघंही कीलाकार लिपी उलगडणारे; प्राचीन मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराककडची, खिळ्यांसारख्या खुणांची ती लिपी.

तो पाद्री, एडवर्ड हिंक्स, १८२५ पासून १८६६ मध्ये मरेपर्यंत आयर्लंडच्या उत्तरेला किलीली गावी धर्मगुरू होता. मेसोपोटेमिया त्यानं कधी पाहिला नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका वाचनालयात मी रॉलिन्सनवर बोललो. १८२७ साली, सतराव्या वर्षी, कंपनीच्या फौजेत मुंबईला आलेला पोरगा पुढे इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर चढून कीलाकार शिलालेख उतरवून घेतो! श्रोते रंगले होते. शेवटी शाळेतली एक मुलगी वही घेऊन उठली. "सर, कीलाकार लिपीत सुटी व्यंजनं नाहीत, आपल्या बाराखडीसारखं बा, बी, बू, शिवाय अब, इब, उब, हे हिंक्सनं दाखवलं ना? आणि एकच चिन्ह कधी कुर, कधी मत, कधी शद वाचायचं?" वहीत तिनं ते चिन्ह काढलं होतं. मुळात ते तीन डोंगरांचं चित्र.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "बाळ, घरात बसून कोडी सोडवणारे पुष्कळ असतात. कड्यावर चढणारा एखादाच." टाळ्या पडल्या. तिनं वही मिटली. बसताना खुर्ची वाजू नये म्हणून ती हातानं धरून हळूच बसली. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मग वाचायला लागलो. १८५७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनं पहिला तिग्लथ-पिलेसर या असीरियन राजाच्या कीलाकार लेखाची चौघा अभ्यासकांनी वेगवेगळी केलेली सीलबंद भाषांतरं ताडून पाहिली. हिंक्सला वेळ थोडा मिळाला, त्याचं काम अपुरं राहिलं. तरी सगळ्यांत जास्त जुळली ती त्याची आणि रॉलिन्सनची. घरात बसून सोडवलेलं कोडं ते!

म्हणून रॉलिन्सन लहान होतो का? नाही. तो कडा आठवला की आजही अंगावर काटा येतो. तेव्हाचा मी साफ चुकलो होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. मजकूर कोणीतरी उतरवून आणायलाच हवा होता. पण त्या मुलीला गप्प करायचं कारण नव्हतं.

आता कुठेही गेलो की फळ्यावर आधी ते तीन डोंगर काढतो, खाली लिहितो: कुर, मत, शद. ते हिंक्ससाठी की तिच्यासाठी, हे मात्र विचारू नका.