कुलाबा किल्ला पायी: भरतीआधी परतायचा हिशोब

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ला अगदी समोर दिसतो. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला चहूबाजूंनी पाणी. इथे माणसं अडकतात ती जाताना नव्हे, येताना. त्यामुळे आधी परतायची वेळ ठरवायची, मग निघायची.

वेळ तिथीवरून काढता येते. कोकणातला जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. आम्ही वद्य चतुर्थी धरली होती. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की सव्वानऊला पूर्ण ओहोटी. हा अंदाज अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, म्हणून छापील कोष्टकाशी ताडून घ्यायचाच. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते, वेळ सोयीची वाटते. पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो. पाणी पुरतं उतरत नाही आणि वाट ओलीच राहते. तृतीया-चतुर्थीला उधाणाचा जोर ओसरलेला नसतो, त्यामुळे पाणी लांब हटतं, मात्र परतही तेवढ्याच जोरात येतं.

गेटवेहून मांडवा बोटीने साधारण तासाभराचा, पुढे अलिबाग 20 किलोमीटरच्या आसपास. सकाळची ओहोटी गाठायची तर आदल्या रात्री मुक्काम बरा. बोटीत लाइफ जॅकेट मांडीवर ठेवून फोटो काढणारे बरेच दिसतात. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा जॅकेट शोधायला कुणाला सवड होती? बकल लावून खांद्याच्या पट्ट्या वर ओढून पाहा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल.

किल्ल्याकडे ओहोटीच्या तासभर आधी, सव्वाआठला निघालो. पायात पट्ट्याच्या सँडल हव्यात. खडकांवर शेवाळ असतं आणि कालवांच्या शिंपल्यांच्या धारेने तळवा चिरतो. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आणि गोड्या पाण्याची विहीर पाहायला पाऊण तास पुरतो. सव्वादहाला परतीच्या वाटेवर असायलाच हवं. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी जेमतेम चढतं, एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मा चढ होतो. पहिल्या तासाकडे पाहून 'अजून वेळ आहे' म्हणणारे नेमके इथे फसतात. शिवाय वाळूतल्या सखल पन्हळी आधी भरतात. पायाखाली कोरडं असतं आणि पुढची पन्हळ मांडीएवढी झालेली असते. उशीर झालाच तर किल्ल्यातच थांबा, पाणी उतरेपर्यंत. सहा-आठ तास उपाशी बसावं लागेल, एवढंच. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर गेलं की धडधाकट माणसाचाही पाय सुटतो.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडत नाही. तो उभ्या अवस्थेत असतो, डोकं मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर वर-खाली, हात बाजूंना पाणी दाबत. श्वासच मिळत नाही तर हाक कुठून मारणार? ही धडपड बहुधा मिनिटभरही टिकत नाही. पोरांचा दंगा अचानक थांबला तर आधी तिकडे बघा.

त्याच्यामागे उडी मारू नका, तो मिठी मारून दोघांनाही खाली नेतो. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन दोरी बांधून फेका, ओढणी किंवा काठी पुढे करा. स्वतः आडवं पडून ओढा. दुसऱ्या कुणाला तरी 112 किंवा 108 लावायला सांगा.

बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. पोटातलं पाणी वर येऊन श्वासनलिकेत जातं. श्वास नसेल तर हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून आधी पाच वेळा तोंडाने श्वास द्या, कारण बुडालेल्याचं हृदय थांबतं ते प्राणवायू संपल्याने. मग छातीच्या मधोमध 30 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने, आणि दोन श्वास. मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा. माणूस उठून बसला, 'मी बरा आहे' म्हणाला, तरी त्याला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्या. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.