अफिलिएट कमिशन अडकलं की आधी हिशोब, मग भांडण

ऑनलाइन कसिनो किंवा बेटिंग साइटकडे खेळाडू पाठवणाऱ्या अफिलिएटचं कमिशन थकलं की पहिला मेल रागाचा जातो, आणि तो वाया जातो. आधी वाद नेमका कशाचा आहे ते ठरवा: पैसे मान्य करून दिलेच नाहीत, की आकडाच कापलाय?

कापाकापी बहुधा नेट रेव्हेन्यूच्या, म्हणजे वजावटीनंतर उरणाऱ्या ज्या रकमेवर तुमचा टक्का निघतो तिच्या, व्याख्येत लपलेली असते. समजा खेळाडूंचं नुकसान, म्हणजेच साइटची कमाई, १०,००० युरो. त्यातून बोनस २,५०० आणि २० टक्के ॲडमिन फी २,००० वजा केली, तर उरले ५,५००. ३० टक्क्यांनी तुमचे १,६५०. तुम्ही मात्र ३,००० धरून बसलेले. शिवाय निगेटिव्ह कॅरीओव्हर (उणे शिल्लक पुढच्या महिन्यात ओढणं) असेल, तर एका मोठ्या विजेत्यामुळे पुढचे महिनेही शून्यावर जातात. सीपीएमध्ये (प्रत्येक नव्या खेळाडूमागे ठरलेली रक्कम) किमान डिपॉझिट किंवा बेटिंगची अट राहून गेलेली असते.

हे तपासून झालं की पुरावे: दर महिन्याचं स्टेटमेंट, सब-आयडीनुसार (क्लिक कुठून आला ते सांगणारा लिंकमधला कोड) क्लिक लॉग, साइन-अपच्या तारखेच्या अटींची प्रत. अटी मागाहून बदलल्या असतील, तर हीच प्रत कामी येते. डॅशबोर्डचा ॲक्सेस बंद होण्याआधी सगळं उतरवून घ्या.

मग साइटचा अफिलिएट मॅनेजर आणि फायनान्स विभाग दोघांना एकच मेल: महिना, रक्कम, कलम, उत्तरासाठी १४ दिवस. फसवणुकीचा आरोप आला तर कोणते खेळाडू आयडी आणि का, हे लेखी मागा. 'फ्रॉड ट्रॅफिक' एवढंच म्हणणं पुरेसं नाही.

लायसन्स देणाऱ्या संस्था प्रामुख्याने खेळाडूंच्या तक्रारी बघतात. हा व्यावसायिक करार असल्याने तिथे फारशी आशा ठेवू नका. कोर्टाआधी करारातलं न्यायक्षेत्राचं कलम वाचा. परदेशी वकिलाची फी थकबाकीपेक्षा जास्त भरत असेल, तर तडजोडीची रक्कम घेऊन ट्रॅफिक दुसरीकडे वळवलेलं बरं.